पाटाकी भावांचं न उघडलेलं पाकीट

डेझ पाटाकीच्या नातीचं, कॅलाचं, लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. साल २०१६. ते लग्न अमेरिकेतल्या टोलिडोच्या पूर्वेकडच्या हंगेरियन वस्तीत अजून कुणी विसरलेलं नाही, कारण पोरीनं दिवस धरला तो नेमका गावच्या मैदानावरच्या बेसबॉलच्या मोसमातल्या पहिल्या सामन्याचा. चर्चमध्ये अर्ध्या पाहुण्यांच्या एका कानात पाद्रीबाबा आणि दुसऱ्या कानात रेडिओ. नवऱ्या मुलानं "हो" म्हटलं आणि त्याच वेळी मागच्या तीन बाकांवरून "गेला, गेला, आउट" अशी कुजबुज उठली. नवरी मुलगी मागं वळून बघते तर तिचा सख्खा आजोबाच रेडिओचं कानातलं बोंड लपवत होता.

पाटाकींच्या घरात बेसबॉलचा मोसम ज्या दिवशी सुरू होई, त्या दिवशी आणखी एक गोष्ट ठरलेली असे. मतदान. मतदार दोनच. थोरला डेझ, वय सत्तर, जन्मभर काचकामगार. आणि धाकटा लू, वय अडुसष्ट, जन्मभर पोस्टमन. आईबापांनी ठेवलेली नावं देझ्यो आणि लायोश, पण शाळेतल्या मास्तरीणबाईंना ती पेलली नाहीत, आणि मग कुणालाच पेलली नाहीत.

प्रश्न एकच असे. पाकीट उघडायचं की ठेवायचं?

पाकीट म्हणजे बेसबॉलच्या कार्डांचं. मेणकागदात बांधलेलं, लालनिळ्या छपाईचं, १९५७ सालचं. आत पाच कार्डं आणि गुलाबी च्युइंगमची एक पट्टी. ते आईच्या काचेच्या कपाटात, सोनेरी काठाच्या कपांमागं उभं होतं. कपाट डेझच्या घरी आणि कपाटाची किल्ली लूच्या गळ्यात, म्हणजे दोघांनी मिळून ठरवल्याशिवाय कुणाला हात लावता येऊ नये. ही व्यवस्था आईनं मरण्याआधी लावून दिली होती. एकोणसाठ वर्षं लू म्हणत आला, उघडू. एकोणसाठ वर्षं डेझ म्हणत आला, ठेवू. एकमत झाल्याशिवाय उघडायचं नाही असा आईचाच नियम, त्यामुळे पाकीट होतं तिथंच राहिलं.

लग्नाच्या जेवणात लू हातात ताट घेऊन भावाशेजारी येऊन बसला. ताटात पापरिका घातलेली कोंबडी, वर आंबट साय.

"बोल. यंदा काय?" लूनं विचारलं.

"नातीचं लग्न आहे लू. आज तरी सोड."

"लग्न तिचं आहे. मत तुझं आहे."

"ठेवायचं," डेझ म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडलं की पाच पुठ्ठ्याचे तुकडे. तशी पाकिटं आता काय भावानं जातात, माहीत आहे ना तुला?"

"विकणार आहेस?"

"नाही."

"मग भावाचं काय लोणचं घालतोस?"

हे संभाषण दरवर्षीचं होतं. आधीची वीस-पंचवीस वर्षं डेझकडे 'ठेवू' म्हणायला काही कारणच नव्हतं, नुसता हट्ट होता. मग जुन्या कार्डांना बाजार आला, न उघडलेल्या पाकिटांना तर सोन्याची किंमत आली, आणि बाजारानं डेझला घरबसल्या कारण आणून दिलं. तेव्हापासून तो ते कारण मोठ्या तोऱ्यात वापरत होता.

पण या वेळी लूनं ताट बाजूला ठेवलं.

"ऐक. मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. नजरेचा मधला भाग चाललाय. कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. आत्ता तुझे कान दिसतायत, तोंडाच्या जागी धुकं आहे. तसा फायदाच आहे म्हणा."

डेझ हसला नाही.

"हिवाळ्यापर्यंत कडासुद्धा पुसट होतील म्हणतात," लू म्हणाला. "पुढच्या वर्षी तू हो म्हणालास तरी मी काय करू? हातानं चाचपून एल्मर ओळखू?"

आता हा एल्मर कोण ते सांगायला हवं. एल्मर सिपोश, पाटाकींच्या दारापासून चौथ्या घरातला. हातापायानं दांडगा, स्वभावानं गरीब. १९५७ साली तो एका मोठ्या टीममध्ये तिसरा कॅचर, म्हणजे फलंदाजामागं बसून चेंडू पकडणारा, म्हणून लागला, सतरा सामने खेळला, परत आला आणि पुढं जन्मभर पावाची गाडी चालवली. पण ज्या वर्षी तो खेळला, त्या वर्षीच्या संचात त्याचं कार्ड निघालं. इतर गावांतल्या पोरांना ते कार्ड मिळालं की ती ते सायकलच्या चाकात खोचत, फटफट वाजायला. पाटाकींच्या गल्लीत मात्र ज्याला मिळालं त्यानं ते सोडलं नाही. लूनं त्या उन्हाळ्यात सगळा संच जमवला. चारशेच्या वर कार्डं. एल्मर तेवढा नाही.

पुढं ते कार्ड दुकानात दोन सँडविचांच्या किमतीला मिळू लागलं. लूनं घेतलं नाही. त्याचं म्हणणं, पाकिटातून निघालं तरच आपलं. विकत घेतलेलं कार्ड लावायचं म्हणजे बाजारातून मासा आणायचा आणि मी गळानं पकडला म्हणून सांगायचं. त्याच्या वहीत प्रत्येक पानाला नऊ कप्पे होते, आणि एका पानावर एकोणसाठ वर्षं आठच कार्डं होती.

आणि १९५७ चं एकच पाकीट उरलं होतं, कपाटातलं.

"बरं," डेझ म्हणाला. "उघडू."

त्याचं त्यालाच कळेना आपण बोललो की दुसरं कुणी. लूनं आपल्या अंदाजानं भावाच्या तोंडाकडे बघितलं, मग उठून त्याला असा आवळला की सायीचा डाग डेझच्या भाड्याच्या कोटाला लागला.

"पुढच्या रविवारी. चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर. तुझ्या घरी. व्हर्नावहिनीला म्हणावं कॉफी टाक," लू म्हणाला, आणि शीळ घालत नाचायला गेला.

डेझनं आपलं ताट तसंच बाजूला सारलं. कारण पाकीट उघडलेलं होतं, आणि ते त्याला एकट्याला माहीत होतं.

झालं होतं असं. पाकीट घेतलं ते ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात. पाच सेंटांतले तीन डेझचे, दोन लूचे. घरी आणलं तर आईनं, बोरबालाबाईनं, हातातून काढून घेतलं. "गोड सोडलंय ना चाळीस दिवस? मग हे ईस्टरला." पाकीट कपाटात गेलं. अकरा वर्षांच्या डेझनं तीन दिवस कळ काढली. चौथ्या दिवशी, गुड फ्रायडेच्या आदल्या दुपारी, आई चर्चमध्ये फुलं लावायला गेली तेव्हा खुंटीवरची किल्ली काढली, सुरीनं मेणकागद हळूच सोडवला आणि गम खाल्ला. तो गम लाकडाच्या ढलपीसारखा कडक होता आणि त्याची चव पाच मिनिटांत संपली, पण ती पाच मिनिटं डेझला सत्तराव्या वर्षीही आठवत होती. कार्डं बघितली, परत घातली. मग टेबलावर इस्त्री होती. आई चर्चच्या वेदीवर अंथरायची कापडं घरी आणून धुऊन इस्त्री करत असे, आणि ईस्टरचं कापड अजून व्हायचं होतं. डेझनं गरम इस्त्री पाकिटावर टेकवली, मेण वितळलं, कागद चिकटला. कुणाला काही कळलं नाही. शनिवारी आईबरोबर चर्चला जाऊन त्यानं पाद्रीबाबांपुढं पापाची कबुली दिली, तीन नमो मरिया म्हटल्या आणि देवाशी हिशेब मिटवला.

ईस्टरला लूनं पाकीट मागितलं. उघडणार कोण यावरून डेझनं मुद्दाम भांडण काढलं. तीन सेंट माझे, मी उघडणार. लू म्हणाला, मी लहान, मी उघडणार. आई म्हणाली, "तुमचं दोघांचं एकमत होईल तेव्हा या." आणि कपाट लावून टाकलं. डेझला वाटलं, सुटलो.

गमचं आता कुणी काही म्हटलं नसतं. सत्तराव्या वर्षी त्यावर हसणंच झालं असतं. पण डेझनं ती पाच कार्डं बघितली होती. त्यांत एल्मर नव्हता. लू एकोणसाठ वर्षं ज्या कार्डाची वाट बघत होता ते त्या पाकिटात नाही, हे डेझला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तो दरवर्षी भावाच्या तोंडावर 'ठेवू' म्हणत होता. आता रविवारी लू पाकीट फोडणार, पाच कार्डं डोळ्यांच्या कडेनं एकेक करून बघणार, आणि तेच त्याचं शेवटचं बघणं ठरायचं.

सोमवारी सकाळी डेझ कार्डांच्या दुकानात जाऊन उभा राहिला. दुकान नोरीन टटलचं. नोरीन पन्नाशीची, गळ्यात दोरीला भिंग, आणि बोलणं चाकूसारखं.

"एल्मर सिपोश आहे का?" डेझनं विचारलं.

"एल्मर सिपोश," नोरीन म्हणाली. "या दुकानात तेवीस वर्षं झाली मला. त्याला मागणारे तुम्ही पहिले. नातेवाईक?"

"शेजारी."

तिनं खोक्यातून तीन एल्मर काढून पसरले. एक चुरगळलेला, एक बरा, एक करकरीत.

"जरा पाकिटातून आत्ताच काढल्यासारखा हवा," डेझ म्हणाला. "फार स्वच्छ पण नको."

नोरीननं भिंग खाली ठेवलं आणि त्याच्याकडे बघितलं. "आजोबा, तुम्ही काय करताय ते मी विचारणार नाही. पण एक सांगते. माझ्याकडे महिन्याला दोघंजण बंद पाकिटं घेऊन येतात. कारखान्यातल्या यंत्राचं मेण एका बारीक रेघेत लागतं. घरी चिकटवलेल्याचं पसरतं. बायकोची इस्त्री घेतात, वाफ बंद करायची अक्कल नसते, आणि इथं येऊन म्हणतात, साठ वर्षं असंच आहे. गाढवं."

"आईची पण असू शकते," डेझ म्हणाला.

"काय?"

"इस्त्री. बायकोचीच असेल असं नाही."

नोरीननं मधला एल्मर प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला आणि पैसे घेतले. "वाफ बंद करा," ती म्हणाली.

गुरुवारी व्हर्नाची बोलिंगची, चेंडूनं लाकडी पिना पाडायच्या खेळाची, दुपार. व्हर्ना म्हणजे डेझची बायको. ती चेंडूची पिशवी घेऊन गाडीत बसली आणि इकडं डेझनं आईच्या कपाटापुढं बैठक मारली. किल्ली लूच्या गळ्यात होती, पण चाळीस वर्षं काचा बसवणाऱ्या माणसाला किल्ली कशाला हवी. त्यानं चाकूच्या टोकानं काचेभोवतीची जुनी लांबी, म्हणजे पुट्टी, खरवडली, चार खिळे काढले आणि काच अलगद उतरवून सोफ्यावर ठेवली. कप सरकवले. पाकीट हातात आलं.

ते त्याला आठवत होतं त्याहून लहान होतं. उलटं करून त्यानं मेणाचा जोड बघितला आणि थबकला. अकरा वर्षांच्या पोरानं घाईत मारलेली इस्त्री. तिचा जोड वाकडातिकडा असायला हवा होता. हा सरळ होता. कागदाच्या कडा एकमेकींवर नीट बसलेल्या, मेण काठाबाहेर जराही नाही. डेझला वाटलं, आपण तेव्हापासूनच हुशार होतो.

कॉफीच्या गरम मगावर धरून त्यानं कागद सैल केला आणि पाकीट उघडलं.

पाच कार्डं होती. जी त्याला आठवत होती तीच. आणि गमच्या जागी, त्याच मापाचं, एक संताचं चित्र होतं. संत अंतोनी, हातात लिलीचं फूल आणि कडेवर बाळ येशू. हरवलेल्या वस्तू शोधून देणारा संत. असली चित्रं आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकात पानोपानी असत.

डेझनं ते उलटं केलं. मागं पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, मग्यारमध्ये, म्हणजे हंगेरियनमध्ये, लिहिलेलं होतं. मग्यार त्याला बोलता यायची, वाचता जेमतेम. तो एकेका अक्षरावर बोट ठेवत गेला. आईचं अक्षर त्यानं पस्तीस वर्षं बघितलं नव्हतं.

'देझ्यो, हे वाचतोयस म्हणजे तू पुन्हा उघडलंस. पाद्रीबाबांना सांगितलंस, ठीक केलंस. आता भावाला सांग. आणि इस्त्री वापरलीस तर पुसून ठेवत जा.'

तो तसाच बसला असता, पण तेवढ्यात व्हर्ना परत आली. बोलिंगच्या हॉलमधलं यंत्र बिघडलं होतं. तिनं दारातून एक नजर फिरवली. काच सोफ्यावर, कप जमिनीवर, टेबलावर इस्त्री, नवरा मांडी घालून खाली.

"सत्तेचाळीस वर्षं," ती म्हणाली. "सत्तेचाळीस वर्षांत इस्त्री आज हातात घेतलीस. कुणाचं मयत आहे?"

डेझनं तिला सगळं सांगितलं. गम, इस्त्री, एल्मर, नोरीन, अंतोनी. व्हर्ना खुर्चीवर बसून ऐकत होती. मध्ये एकदा तिनं चित्र हातात घेऊन मागचं वाचायचा प्रयत्न केला आणि परत दिलं.

"तुझी आई मला कधी पटली नाही," ती म्हणाली. "पण बाई पक्की होती." मग जरा विचार करून म्हणाली, "आता काय करणार?"

"तूच सांग."

"मी सांगू? घाल तो एल्मर आत. अंतोनीला काढ. मार इस्त्री. रविवारी लू उघडेल, एल्मर निघेल, लू रडेल, मी केक कापीन. माणसाची नजर चाललीय. शेवटचं काही चांगलं दिसलं तर तुझं काय बिघडलं?"

"खोटं आहे ते."

"एकोणसाठ वर्षं कुठं खरं होतं?"

डेझ उठला, वाफ बंद केली, इस्त्री लावली. कार्डं सारखी केली. एल्मर मधोमध घातला, पाच होती ती सहा नकोत म्हणून एका पिचरचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचं, कार्ड बाहेर काढलं. मेणकागद पहिल्या घड्यांवर दुमडला. इस्त्री तापली. बोट ओलं करून लावून बघितलं, चर्र झालं. आता टेकवायची तेवढी राहिली होती.

अंतोनी टेबलावर उताणा पडला होता. त्याला कुठं ठेवायचं? खिशात? पुस्तकात? फाडून टाकायचं? डेझच्या लक्षात आलं की तेव्हा या पाकिटातून आपण गम काढून घेतला होता, आणि आता आईला काढून घेतोय.

त्यानं इस्त्रीची वायर ओढली.

"अक्कल आली?" व्हर्नानं विचारलं.

"माहीत नाही. पुसायला फडकं दे."

लूचं घर दोन गल्ल्या पलीकडे. लू ओसरीत बसला होता, रेडिओवर दुपारचा सामना लागला होता. मांडीवर कार्डांची वही. बघत नव्हता, नुसती ठेवली होती.

"कान ओळखीचे दिसतायत," लू म्हणाला. "आज रविवार आहे?"

"गुरुवार." डेझ शेजारच्या खुर्चीत बसला. उघडं पाकीट त्यानं दोघांच्या मधल्या स्टुलावर ठेवलं. "लू, मला तुला एक सांगायचंय."

"थांब, दोन आउट आहेत."

तिसरा आउट होईपर्यंत डेझ थांबला. मग त्यानं सांगितलं. आधी गमचं. मग इस्त्रीचं. तेव्हा लूचे खांदे हलायला लागले. डेझला वाटलं भाऊ रडतोय. लू हसत होता. हसता हसता खोकला आला, पाणी प्यायला, परत हसला.

"एकोणसाठ वर्षं, डेझ," तो म्हणाला. "मी कुठं मध्येच मेलो असतो तर?"

"तुला माहीत होतं?"

"ईस्टरच्या सकाळपासून. वेदीसेवक कोण होता त्या मिस्साला? मी. पाद्रीबाबांच्या हातावर पाणी घालायला वेदीच्या कोपऱ्याला उभा राहिलो. समोर नवं कापड, आईनं इस्त्री केलेलं. आणि त्याच्या घडीत, अगदी माझ्या नाकासमोर, लालनिळा छाप. पाकिटावरचा बेसबॉलचा चेंडू. उलटा. मेणासकट."

आता डेझला उलगडा झाला. पाकिटावर टेकवलेली इस्त्री त्यानं तशीच ठेवून दिली होती, आणि त्याच इस्त्रीनं आईनं ईस्टरचं कापड केलं होतं.

"घरी येऊन मी आईला सांगितलं," लू म्हणाला. "मला वाटलं तुला मार बसेल. ती म्हणाली, गप्प बस. मोसमाच्या पहिल्या दिवशी दरवर्षी एकदा विचार, उघडायचं का म्हणून. एक दिवस तो आपणहून सांगेल."

"दरवर्षी?"

"तिला वाटलं असणार, दोन-तीन वर्षं लागतील. तुला ओळखत नव्हती." लूनं पाण्याचा घोट घेतला. "मग ती गेली, एक्याऐंशीत. थांब असं काही सांगून गेली नाही. म्हणून मी विचारत राहिलो."

रेडिओवर कुणीतरी चेंडू लांब मारला. दोघांनी ऐकून घेतलं. पकडला गेला.

"एक विचारू?" लू म्हणाला. आता तो हसत नव्हता. "गमचं मला माहीत होतं. कार्डांचं नव्हतं. एल्मर होता?"

इथं 'होता' म्हणणं सोपं होतं. एल्मर डेझच्या शर्टाच्या खिशात होता.

"नव्हता," डेझ म्हणाला. "आजही नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, लू. मी तुला बोललो नाही."

लूनं रस्त्याकडे तोंड फिरवलं. समोरून पोस्टाची गाडी गेली. गाडीवाल्यानं हात केला, लूनं गाडी ऐकून हात केला.

"तेव्हाच सांगितलं असतंस," तो शेवटी म्हणाला, "तर मी नवव्या वर्षी हा संच सोडून दिला असता. वाट बघायला बरं वाटायचं. पण सांगायला हवं होतंस."

"हो."

"गाढव आहेस."

"कार्डांच्या दुकानातली बाई पण तेच म्हणाली." डेझनं खिशातून प्लॅस्टिकमधला एल्मर काढून पुढं केला. "हा आणलाय. विकतचा आहे. तुझा नियम मला माहीत आहे. तरी आणला."

लूनं तो घेतला, मान वाकडी केली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितला. बराच वेळ. "कान मोठे होते त्याचे," तो म्हणाला. "पावाची गाडी घेऊन यायचा तेव्हा टोपीत बसायचे नाहीत." आणि परत दिला. "तुझ्याकडे ठेव. हा तू पकडलायस."

"मग हे बघ," डेझ म्हणाला, आणि अंतोनी त्याच्या हातात दिला. "गमच्या जागी होतं. मागं लिहिलंय."

लूनं चित्र एकदा पुढून, एकदा मागून, मान तिरपी करून फिरवलं. अक्षर त्याला लागलं नाही. पण पेन्सिलीचा दाब बोटाला लागला असावा, कारण त्यानं अंगठा त्यावरून दोनदा फिरवला. डेझनं वाचून दाखवलं. 'इस्त्री पुसून ठेवत जा' आलं तेव्हा लू परत हसला.

"हे पाकिटातूनच निघालं?" त्यानं विचारलं.

"पाकिटातूनच."

"बंद पाकिटातून?"

"बंद होतं. मी उघडलं आज. आईनं लावलेलं, माझ्यापेक्षा सरळ."

"मग झालं," लू म्हणाला. त्यानं मांडीवरची वही उघडली, बोटांनी पान शोधलं, कप्पे मोजले. आठ भरलेले, एक रिकामा. संत अंतोनीला त्यानं त्या रिकाम्या कप्प्यात सरकवलं. चित्र कार्डापेक्षा किंचित अरुंद होतं, पण बसलं. "पाकिटातून निघालं की आपलं. संच पूर्ण."

"अंतोनी कुठल्या टीमचा?"

"कॅचरच असणार. सगळं तोच पकडतो."

रविवारी व्हर्नानं कॉफी टाकली, केकही कापला. बाहेर काढलेला पिचर परत आला आणि पाचही कार्डं पाकिटात गेली. दोघा भावांनी मिळून, वाफ बंद ठेवून, मेणकागदावर इस्त्री मारली. जोड वाकडा आला. डेझनं इस्त्री पुसून ठेवली आणि कपाटाची काच परत बसवली. पुढच्या वर्षी मोसमाच्या पहिल्या दिवशी डेझनंच विचारलं, "काय, उघडायचं?" लू म्हणाला, "ठेवायचं." त्याच्या पुढच्या वर्षीही तेच झालं, आणि त्याच्याही पुढच्या. डेझ दर वेळी कुरकुरायचा की या माणसाशी कशाचं एकमत होणं शक्य नाही.

किल्ली शेवटपर्यंत लूच्या गळ्यात होती. लायोश पाटाकी १९ फेब्रुवारी २०२० रोजी, मोसमाला दीड महिना असताना, झोपेत वारला. डेझ पाटाकी जून २०२२ मध्ये वारला.